इंजेक्शन पुण्यात, त्रास गावात

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत धडधाकट माणसांच्या पायातले बळ दोन-चार दिवसांत जाऊ लागले. तेव्हा महाराष्ट्राच्या घराघरांत दोन नवे शब्द पोचले. पहिला ‘जीबीएस’, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम. दुसरा ‘आयव्हीआयजी’, म्हणजे शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन. पहिल्या शब्दाने भीती घातली, दुसऱ्याने आशा दाखवली आणि त्याच दमात खिशालाही हात घातला. एका कुपीची किंमत वीस हजार रुपयांच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, दहाहून अधिक जण दगावले. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत मोफत उपचारांची घोषणा झाली, पाण्याचे नमुने तपासले गेले, केंद्राचे पथक येऊन गेले. मग बातम्या ओसरल्या.

त्या सगळ्या गदारोळात एका गोष्टीवर फारसे कोणी बोलले नाही. हे इंजेक्शन दिल्यावर काय होऊ शकते? किंमत किती, मिळते कुठे, सरकार देणार का, एवढ्याच प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहिली. ते साहजिकही होते. घरातला माणूस व्हेंटिलेटरवर जाण्याच्या बेतात असताना औषधाच्या दुष्परिणामांची चौकशी करायला कोणाला सुचणार? पण ज्या गोष्टी ऐन धावपळीत सुचत नाहीत, त्या आधीच माहीत असाव्या लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतचा अत्यवस्थ रुग्ण बहुधा पुण्याची वाट धरतो. अकोले, संगमनेर, कोपरगावचा नाशिकची. लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत, तरी राज्यातल्या या सर्वांत विस्तीर्ण जिल्ह्यात गाव आणि मोठे रुग्णालय यांच्यातले अंतर कमी नाही. म्हणून इथे इंजेक्शन एका गावी होते आणि त्याचा उशिरा येणारा त्रास दुसऱ्या गावी उठतो. या दोन गावांना जोडणारा धागा फार कच्चा आहे. आजचा विषय तोच आहे.

हे औषध आहे तरी काय?

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रथिने असतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आयव्हीआयजी हे कारखान्यात रसायने मिसळून तयार होणारे औषध नव्हे. ते माणसांनी दिलेल्या रक्तातूनच काढलेले असते. किमान हजार आणि बहुतेक वेळा कित्येक हजार दात्यांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, एकत्र करून त्यातली ही प्रतिपिंडे वेगळी काढली जातात, विषाणू नष्ट करण्याच्या एकापेक्षा जास्त प्रक्रियांतून नेली जातात आणि मग कुपीत भरली जातात.

याचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. 1952 मध्ये ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी डॉक्टरांनी, वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात ही प्रतिपिंडे जवळपास नाहीतच असे दाखवून दिले आणि ती बाहेरून टोचून त्याला दिली. पुढे शिरेतून देता येईल असे औषध आले. 1981 मध्ये पॉल इम्बाख या स्विस डॉक्टरांनी, रक्तातल्या प्लेटलेट घटण्याच्या एका आजारात याचा उपयोग होतो असे दाखवले, आणि औषधाची दिशाच बदलली. नसलेली प्रतिपिंडे भरून काढणे हे एक काम होतेच. शरीराची बहकलेली प्रतिकारशक्ती ताळ्यावर आणणे हे दुसरे काम त्याला मिळाले.

जीबीएसमध्ये हेच दुसरे काम लागते. जुलाब किंवा सर्दी-तापाच्या संसर्गानंतर शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली शस्त्रे चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवरच चालू लागतात. पुण्याच्या उद्रेकात अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा, दूषित पाणी आणि कच्च्या मांसातून पसरणारा जंतू सापडला होता. या जंतूचे बाह्य आवरण आणि आपल्या मज्जातंतूवरचे काही घटक यांत साम्य आहे, म्हणून ही गफलत होते. बाहेरून दिलेली हजारो लोकांची निरोगी प्रतिपिंडे हा हल्ला शमवायला मदत करतात. याच कारणाने लहान मुलांच्या कावासाकी आजारात, कोविडनंतर काही मुलांना झालेल्या तीव्र दाहात आणि स्नायू-मज्जातंतूंच्या इतर काही आजारांतही हे औषध वापरले जाते.

जीबीएससाठी नेहमीची मात्रा आहे रुग्णाच्या दर किलो वजनामागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 कुप्या. एक लिटर प्लाझ्मातून हाती लागतात जेमतेम तीन ते चार ग्रॅम. हिशेब केला तर एका रुग्णाच्या एका उपचारामागे सुमारे दीडशे रक्तदानांचा प्लाझ्मा खर्ची पडतो. आपल्या गावातल्या जयंती-उत्सवांच्या रक्तदान शिबिरात जेवढी माणसे येतात, साधारण तेवढी माणसे एका रुग्णाच्या शिरेतून वाहत असतात असे म्हणायला हरकत नाही. इतके मोलाचे औषध वाया जाऊ नये, चुकीच्या माणसाला दिले जाऊ नये आणि दिल्यावर त्याने अपाय करू नये, ही जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

पहिल्या तासाभरातले त्रास

आता मुद्द्याकडे. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. दुष्परिणामांची ही चर्चा कोणी हे औषध नाकारावे म्हणून नाही. चालता न येणाऱ्या जीबीएस रुग्णाला पहिल्या दोन आठवड्यांत हे औषध मिळाले, तर बरे होण्याचा वेग वाढतो, हे नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून वारंवार दिसले आहे. बहुतेक रुग्णांना ते मोठा त्रास न होता पचते. पण ‘बहुतेक’ या शब्दाबाहेर जे उरतात, त्यांच्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते.

सर्वांत जास्त दिसणारे त्रास औषध चालू असताना किंवा त्यानंतर काही तासांत होतात. डोके दुखणे, अंग दुखणे, थंडी वाजून ताप येणे, मळमळ, चेहरा लाल होणे, छातीत धडधड, रक्तदाब वर-खाली होणे. यांतले बरेचसे औषधाच्या वेगावर अवलंबून असतात. म्हणून पहिला अर्धा तास ते अगदी संथ सोडायचे, नाडी, रक्तदाब आणि ताप पुन्हापुन्हा मोजायचा, आणि सगळे ठीक असेल तरच वेग पायरी-पायरीने वाढवायचा, असा नियम आहे. त्रास झाला तर वेग कमी केला किंवा थोडा वेळ थांबवले, तरी बहुधा भागते.

इथेच आपल्या वॉर्डांतली एक सवय आड येते. सलाइनच्या नळीवरचे चाक नातेवाईकही फिरवतात. ‘लवकर संपू दे, रात्र झाली’, म्हणून वेग वाढवला जातो. साध्या ग्लुकोजच्या बाटलीतही ते करू नये. या औषधात तर मुळीच नको. तसेच फ्रीजमधून काढलेली गार कुपी लगेच लावली तर थंडी वाजण्याची शक्यता वाढते. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते, पण गरम पाण्यात बुडवून किंवा जोरजोरात हलवून नव्हे. फेस झाला की प्रथिनांची घडी बिघडते. बहुतेक उत्पादने 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात, आणि गोठवायची तर कधीच नाहीत. नातेवाईकांनी एका शहरातून कुप्या आणून दुसऱ्या शहरात पोचवण्याचा प्रसंग आपल्याकडे येतो. थर्माकोलच्या डब्यात बर्फाला थेट चिकटून ठेवलेली कुपी गोठली, तर वीस हजार रुपये तर गेलेच. पण ती तशीच दिली गेली तर धोका वेगळाच.

क्वचित तीव्र अॅलर्जी होते: अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, श्वास लागणे, रक्तदाब कोसळणे. ज्यांच्या शरीरात आयजीए नावाचे प्रतिपिंड जन्मतःच नसते, अशा मोजक्या लोकांत ही भीती अधिक असते. म्हणून हे औषध घरी, गावातल्या छोट्या दवाखान्यात किंवा रात्री एकच सिस्टर तीस खाटा सांभाळते अशा ठिकाणी लावण्यासारखे नाही. अॅड्रिनलिनचे इंजेक्शन आणि ऑक्सिजन हाताशी असलेच पाहिजेत.

घरी गेल्यावरचे त्रास

खरा पेच पुढे आहे. काही दुष्परिणाम दोन दिवसांनी, काही आठवड्याने उठतात. तोवर रुग्ण डिस्चार्ज घेऊन गावी आलेला असू शकतो.

पहिला, तीव्र डोकेदुखी. औषधानंतर साधारण दोन दिवसांच्या आत काही जणांचे डोके फुटेल असे दुखते, मान ताठते, उजेड सहन होत नाही, उलट्या होतात. याला अॅसेप्टिक मेनिन्जायटिस म्हणतात. म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, पण जंतूशिवाय. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांत याचे प्रमाण जास्त असते. हा त्रास बहुधा काही दिवसांत आपोआप निवळतो. पण ज्या डॉक्टरांकडे रुग्ण जातो, त्यांना आयव्हीआयजीची माहितीच नसेल, तर जंतूंचा मेंदूज्वर समजून उपचार सुरू होतात. उलट, खरा मेंदूज्वर असताना ‘इंजेक्शनचे डोके दुखते आहे’ म्हणून घरी बसणेही तितकेच घातक. निवाडा डॉक्टरांनी करायचा, आणि त्यासाठी पूर्वेतिहास त्यांच्या हाती हवा.

दुसरा, रक्ताची गुठळी. या औषधाने रक्त काहीसे दाट होते. शिवाय काही उत्पादनांत गुठळी बनवणारा एक घटक नकळत शिल्लक राहिल्याचे आढळले होते. 2010 मध्ये एका कंपनीचे औषध याच कारणाने युरोप आणि अमेरिकेत बाजारातून मागे घ्यावे लागले, आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातल्या सर्वच औषधांच्या वेष्टनावर गुठळीचा ठळक इशारा छापायला लावला. ज्यांचे वय जास्त, ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा पूर्वी पक्षाघात झालेला, जे बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले, त्यांना हा धोका अधिक. जीबीएसचा रुग्ण तर पाय हलवू शकत नसल्याने आधीच त्या यादीत असतो. एका पोटरीला सूज येऊन दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, बोलताना जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे, यांतले काहीही झाले तर सकाळची एसटी धरायची वाट पाहायची नाही. 108 क्रमांकावर फोन करायचा.

तिसरा, मूत्रपिंडावरचा ताण. पूर्वी या औषधात प्रथिने टिकून राहावीत म्हणून साखर, म्हणजे सुक्रोज, घातलेली असे. शिरेतून गेलेली ही साखर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत साचून त्या फुगत. 1999 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने याबद्दल डॉक्टरांना सावध करणारे पत्र काढले. आता बहुतेक उत्पादनांत सुक्रोजऐवजी दुसरे घटक असतात, म्हणून हा धोका बराच घटला आहे. तरीही ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, जे वयस्क आहेत किंवा ज्यांच्या अंगात पाणी कमी आहे, त्यांनी जपायला हवे. औषधाआधी क्रिएटिनिन तपासणे, पुरेसे पाणी देणे आणि नंतर काही दिवस लघवीचे प्रमाण पाहणे, एवढे तरी झालेच पाहिजे. उलट ज्यांचे हृदय कमजोर आहे, त्यांना एकदम जास्त द्रव सोसत नाही. दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

चौथा दुष्परिणाम सर्वांत फसवा आहे, कारण तो बहुधा सर्वांत उशिरा दिसतो. रक्त देणाऱ्यांत ‘ओ’ गटाचे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या प्लाझ्मात ‘ए’ व ‘बी’ गटाच्या तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे नैसर्गिकपणेच असतात. कुपीतून तीही थोडी येतात. ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एबी’ गटाच्या रुग्णाला मोठ्या मात्रेत हे औषध मिळाले, तर काही जणांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. साधारण दहा दिवसांच्या आत रुग्ण पांढराफटक पडतो, धाप लागते, डोळे पिवळसर दिसतात, लघवी चहासारखी गडद होते.

आता कल्पना करा. पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरचा, ‘ए’ गटाचा शेतकरी पुण्याहून उपचार घेऊन आठव्या दिवशी घरी येतो. दोन दिवसांनी डोळे पिवळे. घरचे म्हणतात कावीळ झाली. कोणी गावठी औषध सुचवते, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेते. जवळच्या डॉक्टरांना फाइल दाखवावी, तर फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेल्या औषधांच्या यादीत ती चार अक्षरे कुठेतरी दडलेली. हिमोग्लोबिनची तपासणी साध्या प्रयोगशाळेतही होते. पण ती करावी हे सुचले तर होणार. यात दोष कोणा एकाचा नाही. ज्याने इंजेक्शन दिले त्याला रुग्ण पुन्हा दिसत नाही, आणि ज्याला रुग्ण दिसतो त्याला इंजेक्शन माहीत नाही. या लेखाचे शीर्षक तिथून आले आहे.

लहान, पण गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी

आणखी तीन बाबी अशा आहेत की त्या जिवावर बेतत नसल्या, तरी दिशाभूल करतात.

दुसऱ्यांची प्रतिपिंडे अंगात फिरत असल्याने काही आठवडे, कधी काही महिने, रक्ताच्या तपासण्या खोट्या बोलू शकतात. पूर्वी डेंग्यू किंवा यकृतदाह होऊन गेल्याची खूण रुग्णाच्या अहवालात दिसते. ती असते रक्तदात्यांची. अशा अहवालावरून घाबरून जाऊ नये आणि उपचारही सुरू करू नयेत.

काही उत्पादनांत माल्टोज नावाची शर्करा असते. काही जुन्या पद्धतीच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तिलाच ग्लुकोज समजतात आणि साखर वाढलेली दाखवतात. ती खरी मानून इन्सुलिन टोचले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. मधुमेही रुग्णाच्या घरच्यांनी हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. शंका असेल तेव्हा प्रयोगशाळेतली तपासणी प्रमाण मानावी.

तिसरी बाब बालकांची. गोवर-रुबेलाची लस ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. अंगात बाहेरून आलेली प्रतिपिंडे असतील तर ती लस लागू होण्याआधीच निकामी होते. म्हणून कावासाकीसाठी मोठी मात्रा मिळालेल्या मुलाला ही लस साधारण अकरा महिने पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे तिचे डोस नवव्या महिन्यात आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतात. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना किंवा नर्सताईंना हे सांगितलेच नाही, तर कार्डावर खूण पडेल आणि मूल मात्र गोवरापुढे उघडे राहील. बाकीच्या लसी वेळेवर घ्यायच्याच आहेत.

आणि संसर्गाचे काय? रक्तापासून बनलेल्या औषधाबद्दल हा प्रश्न येणारच. 1993-94 मध्ये अमेरिकेत एका उत्पादनातून हेपॅटायटिस सी पसरल्याची घटना घडली होती. त्यानंतर विषाणू नष्ट करण्याच्या पायऱ्या कडक झाल्या. एचआयव्ही या औषधातून पसरल्याची नोंद नाही. आजच्या घडीला ही भीती बाळगून उपचार टाळणे शहाणपणाचे नाही. मात्र कुपी अधिकृत बिलासहच घ्यावी, आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक केसपेपरवर चिकटवला किंवा लिहिला जावा. पुढे एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर रुग्णापर्यंत पोचण्याचा तोच एक मार्ग असतो.

गुण आला नाही म्हणून पुन्हा?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. पाच दिवसांचा कोर्स संपला, चार-पाच लाख गेले, आणि रुग्ण अजून हात हलवत नाही. नातेवाईक हात जोडून म्हणतात, ‘डॉक्टर, अजून एकदा द्या, आम्ही जमीन गहाण टाकतो.’ डॉक्टरांच्याही मनावर दडपण येते. जगभर हे होत होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर नीट प्रयोग केला. बरे होण्याची शक्यता कमी असलेल्या 93 जीबीएस रुग्णांपैकी काहींना दुसरा कोर्स दिला, काहींना औषधासारखे दिसणारे द्रव दिले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दुसऱ्या कोर्सने फायदा झाला नाही, उलट गुठळ्यांसारखे गंभीर त्रास त्या गटात अधिक दिसले.

हा निष्कर्ष प्रत्येक नातेवाइकाला माहीत असावा असे आम्हाला वाटते. जीबीएसमधून सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. मज्जातंतूवरचे आवरण पुन्हा तयार व्हायचे असते. ते इंजेक्शनच्या सहाव्या दिवशी तयार होत नाही. सुधारून पुन्हा ढासळलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे तज्ज्ञ वेगळा विचार करतात. पण नुसता गुण दिसत नाही म्हणून दुसरा कोर्स देणे, म्हणजे कर्जाचा डोंगर वाढवून गुठळीचा धोका विकत घेणे. त्या पैशांत चांगली शुश्रूषा आणि फिजिओथेरपी कित्येक महिने होऊ शकते, आणि रुग्णाला पायावर उभे करण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

दुसरा पर्यायही सांगायला हवा. प्लाझ्मा बदलणे, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज, ही पद्धत जीबीएसमध्ये आयव्हीआयजीच्या तोडीची आहे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दोन्हींचे परिणाम सारखेच आले, आणि एकापाठोपाठ दोन्ही दिल्याने म्हणावा असा जास्तीचा लाभ झाला नाही. तिचेही धोके आहेत, तिला यंत्र आणि अनुभवी माणसे लागतात. तरी ज्याला आयव्हीआयजी झेपणार नाही त्याच्यासमोर हा पर्याय ठेवला गेला पाहिजे. ज्याचा आजार सौम्य आहे, जो स्वतः चालतो, त्याला नीट लक्ष ठेवण्यापलीकडे काहीच लागणार नाही, हेही शक्य असते.

काय व्हायला हवे

या सगळ्यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय एका कागदाचा आहे. आयव्हीआयजी दिलेल्या प्रत्येक रुग्णाला डिस्चार्जच्या वेळी एक मराठी पत्रक मिळावे. त्यावर औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, दिलेली मात्रा, तारखा, रुग्णाचा रक्तगट, आधीचे हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, आणि कोणत्या लक्षणांत ताबडतोब यावे याची चार ओळींची यादी असावी. खाली वॉर्डाचा फोन क्रमांक. आठवड्याने हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, ही सूचना ठळक अक्षरांत. ती तपासणी गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. पुण्याची फेरी लागत नाही.

दुसरा उपाय यंत्रणेचा. पुण्यात किंवा नाशिकमध्ये असा उपचार झालेला रुग्ण अहिल्यानगरमध्ये परतला की त्याची खबर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे यावी. क्षयाच्या रुग्णाबाबत आपण हे करतो. इथे तर संख्या अगदी थोडी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण प्रत्येक आजाराच्या पॅकेजला स्वतंत्र मर्यादा असते. औषधाचा खर्च भागवताना नंतरच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी या मर्यादेबाहेर पडणार नाहीत, हे सरकारने पाहायला हवे. इंजेक्शन फुकट आणि पाठपुरावा शून्य, ही अर्धीच मदत झाली.

तिसरा उपाय नोंदीचा. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवण्याची सोय देशात आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत हा कार्यक्रम चालतो, 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कोणालाही, रुग्णालासुद्धा, कळवता येते. रक्तापासून बनलेल्या उत्पादनांसाठी 2012 पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमही आहे. पण आपल्याकडे दुष्परिणाम कळवणे म्हणजे चूक कबूल करणे, असा समज घट्ट बसला आहे. डॉक्टर कचरतात, नातेवाईक ‘नशीब’ म्हणून गप्प बसतात. नोंदच नाही, म्हणून आपल्या लोकांत कोणता त्रास किती होतो याचा अंदाजही आपण परदेशी आकड्यांवरूनच बांधत राहतो. दुष्परिणाम कळवणे ही तक्रार नव्हे; पुढच्या रुग्णासाठी ठेवलेली ती खूणगाठ आहे.

आणि नातेवाइकांनी काय करावे? औषध सुरू होण्याआधी पाच गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, पूर्वी गुठळी किंवा पक्षाघात झाला आहे का, अर्धशिशी आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. औषध चालू असताना रुग्णाजवळ एक जागे माणूस असावे, आणि त्याने नळीच्या चाकाला हात लावू नये. कुप्यांवरची नावे व बॅच क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. घरी आल्यावर दहा-पंधरा दिवस लघवीचा रंग, पायाची सूज आणि डोकेदुखी यांवर लक्ष ठेवावे. कोणत्याही कारणाने कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तर पहिले वाक्य हेच असावे: ‘यांना अमुक तारखेला आयव्हीआयजी दिले आहे.’

सगळ्यात स्वस्त औषध मात्र अजूनही उकळलेले पाणी, क्लोरिन टाकलेली विहीर आणि नीट शिजवलेले चिकन हेच आहे. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. 24 कुप्यांची वेळ कोणावर न येवो. आलीच, तर त्या कुप्यांसोबत तो एक मराठी कागदही रुग्णाच्या हाती पडावा. एका उपचारामागे दीडशे जणांचे रक्तदान असते. त्याचा मान राखायला एवढे तरी झालेच पाहिजे.